जास्तीचे सात ठोके

१

ताईच्या कारखान्यात मोजे विणणारी बारा यंत्रं आहेत. हे शाळेतले किंवा बुटातले मोजे नव्हेत. पायाच्या शिरा फुगलेल्या माणसांना डॉक्टर जे घट्ट, गुडघ्यापर्यंतचे मोजे घालायला सांगतात, ते. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक जुनी चिप आहे, माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी धाकटी. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली, यंत्रं बनवणारी तिच्या पाठोपाठ गेली. मागे राहिला चार मापं विणणारा एक प्रोग्राम आणि एकशे बारा पानांचं मॅन्युअल.

माणसांचे पाय चार मापांत बसत नाहीत. एका हॉस्पिटलनं ताईला स्पष्टच सांगितलं, तीन महिन्यांत अकरा मापं द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. दुसरीकडे म्हणजे कारखाना बंद आणि तिथल्या सोळा बायका घरी.

"धाकटे," ताई फोनवर म्हणाली, "एवढी वर्षं काँप्युटरशी भांडतेस, आता माझ्या डबड्यांशी भांड."

माझी नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती. म्हणजे मीच सोडली होती. साहेबांनी माझ्या कामावर स्वतःचं नाव घातलं, मी त्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्यामुळे भांडायला हात शिवशिवत होतेच.

चिपला फक्त आकडे कळतात. माणसानं लिहिलेला प्रोग्राम त्या आकड्यांत उतरवून देणारा जो दुभाषा असतो, त्याला कंपायलर म्हणतात. जगभरातले लोक मिळून चालवतात असा एक कंपायलर आहे. फुकट, उघडा, कुणीही वाचावा आणि कुणीही सुधारावा. मी ठरवलं, या दुभाष्याला ताईच्या चिपची भाषा शिकवायची. एकदा ते झालं की अकरा काय, एकशेदहा मापं लिहिता येतील.

कारखान्याच्या वर एक माळा आहे. लोखंडी जिना, काचेचं दार, आणि खालची यंत्रं दिसतील अशी एक खिडकी. मोडीत काढलेल्या तेराव्या यंत्राचा बोर्ड ताईनं मला तिथे टेबलावर मांडून दिला.

"पंखा एक नंबरवरच ठेव," ती म्हणाली. "दोनवर पडतो."

२

नव्या चिपचं काम सुरू करताना पहिला प्रोग्राम रिकामा लिहायचा असतो. सुरू हो आणि थांब, बस एवढंच. कुठे किती वेळ लागतो हे चिपच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्यांत मोजतात. मॅन्युअल म्हणत होतं, रिकाम्या प्रोग्रामला बारा ठोके. माझ्या बोर्डानं घेतले एकोणीस.

सात ठोके म्हणजे पापणी लवण्याच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी वेळ. मोज्याला त्यानं काही फरक पडत नव्हता. पण मला पडत होता. सात ठोके चिप करते काय? प्रोग्राममध्ये तर काहीच नाही. मी शंभर वेळा चालवून पाहिला, शंभर वेळा एकोणीस. म्हटलं, असेल बाबा, मॅन्युअल छापणाऱ्याची चूक असेल.

एकशे एकाव्या वेळी सव्वीस आले.

मी पुन्हा चालवला. सव्वीस.

"चहा गार होतोय," मागून आवाज आला. ताई दारात उभी होती, हातात दोन कप.

"केव्हा आलीस?"

"आत्ताच. एवढी कसली तंद्री?"

ती टेबलाशी बसली, चहा प्यायली आणि सुताचा भाव कसा चढलाय ते सांगून खाली गेली. तोवर मी बोर्ड चालवत होते. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. जिन्यावर तिच्या चपला वाजायच्या थांबल्या आणि पडद्यावर पुन्हा एकोणीस आले.

३

मला असली कोडी आवडतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पाच बायकांना माळ्यावर बोलावलं. मी धरून सहा जणी. बारावर बेचाळीस जास्तीचे, म्हणजे सहा सात बेचाळीस. एक खाली गेली, पस्तीस झाले. मग सगळ्यांना खाली पाठवलं, बोर्डापासून ताईच्या ऑफिसपर्यंत लांब वायर ओढली आणि तिथून रिकाम्या माळ्यावरचा बोर्ड चालवला. बरोबर बारा.

बायकांना फार मजा वाटली. "म्हणजे हा हजेरी घेतो आमची," एक म्हणाली.

"बरंय," ताई म्हणाली. "हा उशिरा येणाऱ्यांना सोडणार नाही."

कारण सापडायला वेळ लागला नाही. चिपला चाळीस पाय असतात, म्हणजे तारा जोडायची धातूची टोकं. तेविसाव्या पायापुढे मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, 'मोकळा ठेवा'. मोकळी तार हवेतलं काहीही पकडते. माणसाच्या अंगातही थोडी वीज असते, रेडिओजवळ हात नेला की खरखर बदलते ना, तसंच. माणूस वाढला की तार जास्त पकडणार. दर माणशी नेमके सातच का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण सगळी उत्तरं कुणाकडे असतात?

कंपायलरच्या कामात माझं लिखाण तपासायला एक जण नेमलेला होता. त्याला सगळे मुंगी म्हणत, कारण त्याच्या नजरेतून साखरेचा कण सुटत नसे. कधी भेटलेलो नाही, नुसती लिहिण्याबोलण्याची ओळख. त्याच्याकडे याच चिपचा एक बोर्ड होता. मी त्याला सगळं लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं:

"माझ्याकडेही तसंच. एकटा असताना सात. बायको आली की चौदा. मांजराचे शून्य, त्याला राग आलाय. तुमचं तेविसाव्या पायाचं म्हणणं पटतं. वेळेच्या तक्त्यात बाराच लिहा."

मी बारा लिहिले आणि पुढच्या कामाला लागले.

४

पुढचे दोन महिने काम छान चाललं. दुभाषा बेरीज शिकला, वजाबाकी शिकला, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला शिकला. ताईच्या एका यंत्रानं माझ्या प्रोग्राममधून पाचव्या मापाचा मोजा विणला. बायकांनी तो हातोहात फिरवून पाहिला. ताईनं स्वतःच्या पायात घातला आणि दिवसभर काढला नाही.

बुधवारी दुपारी ताई सूत आणायला गेली होती. जेवणाची सुट्टी झाली आणि खालची बारा यंत्रं एकेक करून थांबली. ती चालू असताना त्यांचा आवाज कानाला जाणवत नाही. थांबली की मात्र कानात भोक पडल्यासारखं होतं. पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. पत्रा उन्हानं तडकन वाजला. मी रोजच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांतली पहिली तीच, रिकामी.

सव्वीस.

"ये गं, बस," मी मागे न बघता म्हटलं.

कुणी बसलं नाही. मी वळले. दार लावलेलं होतं. काचेतून जिना दिसत होता, रिकामा.

पुन्हा चालवला. सव्वीस.

मग मी जे कुणीही शहाणी बाई करेल तेच केलं. टेबलाखाली पाहिलं. कपाट उघडलं, त्यात जुन्या सुया आणि रिळं होती. खिडकीतून खाली पाहिलं. बायका लांबच्या भिंतीशी जेवत होत्या, पूर्वीपेक्षा एक पाऊलही जवळ नाही. मी तेविसाव्या पायाला तार डागून तो अर्थिंगला जोडून टाकला. आता त्याला हवेतलं काही पकडता येणं शक्यच नव्हतं.

सव्वीस.

म्हणजे तो पाय नव्हताच कारण. इतके दिवस मी जे उत्तर धरून बसले होते ते निघून गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. माझी पाठ दाराकडे होती. मी त्या दिवसापुरतं टेबल फिरवून भिंतीकडे पाठ केली आणि उरलेल्या चाचण्या पूर्ण केल्या. तीनशे चाळीस होत्या. एकही सोडली नाही.

५

त्या रात्री मी मुंगीला लिहिलं की तेविसावा पाय बांधूनही जास्तीचे ठोके येतात, आणि एकटी असताना चौदा आले. एरवी तासाभरात उत्तर देणारा माणूस दोन दिवस गप्प होता. मग एक ओळ आली.

"तुमच्याकडे रिकाम्या खोलीत किती येतात?"

"शून्य," मी लिहिलं. "पहिल्याच आठवड्यात मोजलंय."

"पुन्हा बघा."

मी सुट्टीत माळ्याला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि ताईच्या ऑफिसातून बोर्ड चालवला. खोली रिकामी होती. ते मी स्वतः पाहून खाली आले होते.

एकोणीस. जास्तीचे सात.

मी ते मुंगीला कळवलं. यावेळी उत्तर लगेच आलं, जणू तो वाटच बघत होता.

"मी बोर्ड मोडून टाकला आहे. तुमचं काम चोख आहे, त्यात एकही चूक नाही, तरी माझी विनंती आहे की ते मागे घ्या. ही चिप विसरली गेली होती ते बरं होतं. आणि घेणार नसाल तर एक ऐका. तुम्ही आत असताना सात येऊ लागले तर कृपा करून बाहेरून मोजू नका."

"का?" मी विचारलं.

त्यावर त्यानं काही लिहिलं नाही. आजतागायत लिहिलेलं नाही.

६

ताईला सगळं सांगितलं. ती सुताची बिलं लावत होती. ऐकून झाल्यावर तिनं चष्मा काढला.

"म्हणजे वर एक बाई जास्त आहे."

"बाई की बुवा कोण जाणे."

"कोणी का असेना. फुकट बसलीय ना? एक यंत्र दे म्हणावं तिला."

मी हसले. ती हसली नाही. "धाकटे, खाली माझ्या ऑफिसात बस. तो बोर्ड इथे आण. मी कोपरा रिकामा करून देते."

"मग ते खाली येईल."

"किंवा नाही येणार."

"ताई, मी हललेच तर मग हलतच राहीन. आज माळा, उद्या ऑफिस. मला तीन आठवड्यांत सहा मापं उतरवायचीयत. जागा सोडायला वेळ कुणाला आहे?"

"हट्टी आहेस," ती म्हणाली. "लहानपणी दात काढायला नेलं तेव्हा डॉक्टरचं बोट चावली होतीस."

"दात माझा होता."

ती बराच वेळ बिलं उगीचच सरळ करत राहिली. मग म्हणाली, "दार उघडं ठेवून बस. आणि दर तासाला मला हाक मार."

७

मी दार उघडं ठेवलं. दर तासाला खिडकीतून "आहे गं!" असं ओरडत होते आणि खालून यंत्रांच्या आवाजात ताई हात हलवत होती. रोज सकाळी पहिली चाचणी जास्तीचे चौदा दाखवायची. दोघं, मी आणि जे काही होतं ते. चार-पाच दिवसांत त्याची सवयसुद्धा झाली. माणसाला कशाचीही सवय होते, ही काही चांगली गोष्ट नाही.

दहावं माप उतरलं त्या सकाळी सात आले.

पहिल्यांदा मला आनंद झाला. गेलं, म्हटलं. आता एकटी मीच. मी हात वर करून आळस दिला, खिडकीशी जाऊन "आहे गं!" ओरडले, परत येऊन पुन्हा चालवलं. सात. मग मुंगीचं वाक्य आठवलं. बाहेरून मोजू नका म्हणे. ते सांगितलं नसतं तर कदाचित मोजलंही नसतं. पण मला 'नको' म्हटलं की झालं.

मी जिना उतरले, ऑफिसात गेले, बोर्ड चालवला. माळ्यावर कोणी नव्हतं.

सात.

मी आत असताना सात. मी नसतानाही सात.

ताईला वर घेऊन आले. दोघी टेबलाशी उभ्या राहिलो. चौदा.

"बघ, बरोबर," ताई म्हणाली. "दोघी आहोत, चौदा आले."

"आता तू इथेच थांब. मी खाली जाऊन चालवते."

खाली गेले, चालवलं. वर ताई एकटी. चौदा.

मी परत वर आले तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं आकडा वरच्या पडद्यावर पाहिला होता आणि हिशेब मनात केला होता. आयुष्यभर हिशेब करत आलेली बाई ती. एक सात तिचे, एक सात त्याचे. माझ्या येण्याजाण्यानं आकडा हललाच नव्हता.

"डबडं आहे ते," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "जुनं डबडं. त्याला काय कळतंय?" तिनं माझं मनगट पकडलं आणि जोरात दाबलं, भाजी निवडताना दाबतात तसं. "मला कळतंय ना. तू आहेस."

"दुखतंय, ताई."

"दुखू दे."

८

अकराव्या मापाला टाचेजवळ एक गाठ येत होती. ती सोडवायला मला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रं थांबली होती. मी खाली जाऊन मोजा ताणून पाहिला, चूक काय ते कळलं, आणि धावतच जिना चढले. खाली जाताना पंखा बंद केला होता. दार माझ्यामागे लागलं असावं. शेवटच्या पायरीवरून मला काचेतून आत दिसलं.

माझी खुर्ची टेबलाकडे तोंड करून होती. तिची पाठ दाराकडे. पाठ उंच आहे, त्यामुळे बसलेल्या माणसाचं डोकंही मागून धड दिसत नाही. खुर्ची डावीकडे पाव वळण फिरली. थांबली. मग सावकाश परत आली. पुन्हा डावीकडे.

विचार करताना मी तशीच फिरवते. ताई त्यावरून मला कायम बोलते.

मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. जिन्याचा कठडा हाताला गरम लागत होता. खाली बायका कसल्याशा गोष्टीवर हसत होत्या. खाली जावं, ताईला आणावं, सोळा बायकांना आणावं, असं सगळं मनात येऊन गेलं. आणि मग मला राग आला. खरंच सांगते, भीतीच्या आधी राग आला. तीन महिने रक्त आटवलं होतं मी त्या टेबलावर. अकराव्या मापाची चूक मला सापडली होती, ती माझ्या डोक्यात होती, आणि ती लिहायला मला बसायला जागा हवी होती.

मी दार ढकललं. ऊठ म्हणावं की उठा म्हणावं, हा प्रश्न मला त्याही क्षणी पडला.

"ऊठ," मी म्हटलं. "माझी जागा आहे."

खुर्ची थांबली. हळूहळू मंदावत नाही थांबली. पाय रोवून थांबवल्यासारखी थांबली.

मी पुढे गेले, हात टाकला, ती माझ्याकडे फिरवली. रिकामी होती. मी बसले. गादी गरम होती. आणि खुर्ची चार बोटं खाली केलेली होती, माझे गुडघे वर येत होते. मी दांडी ओढून ती माझ्या उंचीला आणली, पंखा एकवर लावला आणि टाचेची चूक दुरुस्त केली. तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा बरोबर झालं.

९

अकरा मापं वेळेत गेली. हॉस्पिटलनं वर्षभराचं काम दिलं. मी लिखाण मागे घेतलं नाही. मुंगीच्या जागी दुसऱ्या कुणी ते तपासलं आणि आता त्या कंपायलरमध्ये ही चिप आहे, माझ्या नावासह. कुणीही घेऊ शकतं. दोघातिघांनी जुने बोर्ड अडगळीतून काढून चालवायला घेतलेत, रिकाम्या प्रोग्रामला सात ठोके जास्त का लागतात असं विचारलंय. मी त्यांना खरं ते सांगितलं. कारण माहीत नाही, मॅन्युअलवर विश्वास ठेवा, आणि जागा सोडू नका.

काल दुपारी ताई वर आली. मी चाचणी चालवली होती, ती येण्याआधी.

"अजून सातच?"

"सातच."

"मग?"

"मग काय? खोलीत एकच मोजली जातेय ना? ती मी आहे."

"आणि नसलीस तर?"

"तर जी कोण आहे तिनं समोर येऊन सांगावं. मी इथेच बसलेय."

ताईनं बोर्डाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं, दुरून ओळखीचा वाटणारा माणूस तोच आहे का हे बघावं तसं. मग तिनं डोळे पुसले आणि आवाज साधा केला.

"ऊठ. खाली चल, जेवून घे."

"तू हो पुढे," मी म्हटलं. "माझं ताट वर पाठव. मी उठणार नाही."